कोंबडी गेल्यानंतरचे सहा आठवडे : कोपरखैरण्याच्या फ्लॅटमधली सात पिल्लं

मी नवी मुंबईत जनावरांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारे रुग्ण म्हणजे बहुतेक कुत्री आणि मांजरं. कोंबडीची पिल्लं घेऊन लोक येतात ते जत्रेनंतर किंवा शाळा सुटताना फाटकाबाहेर गुलाबी-हिरवी पिल्लं विकायला आली की. ती अंडी देणाऱ्या जातींची नर पिल्लं असतात. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती रंगवून विकली जातात आणि त्यातली बरीचशी आठवडाभरही जगत नाहीत. हे प्रकरण त्यातलं नाही. इथे पिल्लं घरच्या कोंबडीची होती, धडधाकट होती, आणि सांभाळणारी माणसं मनापासून सांभाळत होती. तरी दोन दगावली. पहिलं थंडीने, दुसरं गरमीने. दुसऱ्यात माझाही वाटा आहे. कुटुंबाची परवानगी घेऊन, नावं न देता, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली ही हकिकत मांडतो आहे.

पार्श्वभूमी

घणसोली गावठाणात एक आगरी कुटुंब राहतं. घरात अडुसष्ट वर्षांच्या आजी आणि त्यांचा थोरला मुलगा. धाकटा मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात शेजारच्या कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये. आजींच्या मागच्या पडवीत खुराडा आहे आणि चार-पाच गावठी कोंबड्या कायम असतात. अंड्यांसाठी म्हणा, नाहीतर सवयीने म्हणा.

डिसेंबरमध्ये त्यातली एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसायला लागली. आजींनी तांदळाच्या डब्यात जपून ठेवलेली अकरा अंडी काढली, टोपलीत पेंढा घातला आणि तिला बसवली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. दोन अंडी वांझ निघाली, एक पिल्लू कवच टोचून आतच राहिलं. गावठी कोंबडीच्या मानाने हा हिशोब चांगलाच म्हणायचा.

पिल्लं गुरुवारी निघाली. शनिवारी सकाळी आजींनी खुराड्याचं फळकूट बाजूला केलं, कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात उतरली, आणि आजी आत चहा ठेवायला गेल्या. खाडीच्या बाजूला मुंगसं असतात हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. आरडाओरडा ऐकून आजी बाहेर आल्या तोवर कोंबडीची मान गेलेली होती. एक पिल्लू नाहीसं झालं होतं. सात पाट्याच्या मागे दडली होती.

आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी ठरलेलं होतं. त्यानंतर वाकायचं नाही, धुरळ्यात जायचं नाही, डोळ्यात थेंब घालायचे. थोरल्या मुलाची पाळी रात्रीची. म्हणून दिवसभर पिल्लं उन्हात डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली ठेवली आणि संध्याकाळी धाकट्याने बुटांच्या खोक्यात घालून फ्लॅटवर नेली.

पहिली रात्र

फ्लॅटवर पोचल्यावर घरच्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं. स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलं. पोळीचा चुरा आणि शिजलेला भात घातला. वरून नातीच्या अभ्यासाचा टेबललॅम्प लावला. मग पिल्लं खात का नाहीत या काळजीत तास-दीड तास गेला. वडील खाली जाऊन कणी घेऊन आले, ती भिजवून घातली. तरी चोच कुणी लावेना.

इथे पहिला निर्णय चुकला, आणि तो पिल्लांच्या पोटाच्या काळजीपोटीच चुकला. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, आणि त्यावर ते जवळजवळ ७२ तास काढू शकतं. एक दिवसाची पिल्लं दाणापाण्याविना दूरच्या गावी पाठवतात ती याच्याच जोरावर. म्हणजे शनिवारी रात्री त्या सात पिल्लांना भुकेची घाई नव्हती, घाई उबेची होती. मोठ्या कोंबडीच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास उष्णता असते. पिल्लाच्या अंगावर नुसती लव, जीव तीस-पस्तीस ग्रॅमचा, त्यामुळे स्वतःची उष्णता त्याला धरून ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती ३२ ते ३५ अंश लागतात. त्या रात्री कोपरखैरण्यात १७-१८ अंश असावेत, आणि वास येतो म्हणून खिडकी थोडी उघडी होती.

टेबललॅम्प नऊ वॉटचा एलईडी होता. खोक्यात उजेड लख्ख पडत होता. सून मला नंतर म्हणाली, ‘डॉक्टर, गावाला आम्ही बल्बखालीच पिल्लं वाढवलेली बघितलीत हो.’ खरंच बघितली असतील, पण तो बल्ब साठ किंवा शंभर वॉटचा, पिवळा, हात लावला तर चटका देणारा. एलईडी वीज वाचवतो म्हणजे उष्णतेत वाया घालवत नाही, आणि पिल्लांना हवी होती ती वाया जाणारी उष्णताच. आजकाल घरात उष्णता देणारा एकही दिवा नसतो, हे बल्ब खोक्यावर टांगेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही घरात नाही.

रात्री एकपर्यंत पिल्लं कर्कश ओरडत होती. मग गप्प झाली. घरच्यांना वाटलं झोपली, म्हणून सगळेच झोपले. उबेतलं पिल्लू हळू, तुटक चिवचिवतं आणि मध्येच डोळे मिटतं. गारठलेलं पिल्लू आधी टिपेला जाऊन ओरडतं, आणि मग त्याच्यात ओरडायचीही ताकद उरत नाही. पहाटे पाच वाजता एक मेलेलं होतं, छाती ओली. बहुधा वाटीत पडून कसंबसं बाहेर आलं असावं. आणखी दोन मान टाकून पडली होती.

साडेपाचला मला फोन आला.

फोनवरचा पहिला तास

दवाखान्यात आणू नका, असं मी सांगितलं. स्कूटरवरच्या वाऱ्यात उरलेली गेली असती. पाण्याची वाटी बाहेर काढायला लावली. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवायला सांगितली. मान टाकलेली दोन पिल्लं सुनेने एक आणि नातीने एक अशी ओंजळीत धरून छातीशी घेतली. त्यांच्या चोचीत पाणी, दूध, मध काहीही घालायचं नाही, मान स्वतः सावरेपर्यंत नाही, हे मी तीनदा बजावलं. निपचित पिल्लाच्या तोंडात घातलेलं पाणी फुप्फुसात जातं.

रविवार होता, म्हणून मी स्वतः गेलो. पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि नातीच्या ओंजळीतलं पिल्लू तिच्या अंगठ्याला टोचत होतं. दुसऱ्याला आणखी अर्धा तास लागला. सहा जिवंत होती. त्यातलं एक पाय दोन्ही बाजूंना फाकून पोटावर सरपटत होतं.

समोरचे पर्याय

चहा घेत आम्ही स्वयंपाकघरात बसलो. आजी फोनवर होत्या.

पोल्ट्रीवाल्याला द्यावीत, असं वडिलांच्या मनात होतं. त्यांच्या ओळखीचा एक जण होता. त्याला फोन केला, त्याने सरळ नाही म्हटलं. आणि त्याचं बरोबरच होतं. बाहेरची, गावठाणातून आलेली पिल्लं शेडमध्ये घेणं म्हणजे घरात रोग बोलावणं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पोल्ट्रीवाले हे विसरत नाहीत. प्राणिमित्र संस्थांचा विचार दोन मिनिटांत सोडला. दोन दिवसांच्या पिल्लांना दर तीन तासांनी बघणारं माणूस तिथे मिळणं अवघड.

आजींचा पर्याय तिसरा. त्यांच्या शेजारणीची कोंबडी अंड्यांवर होती, मंगळवारी पिल्लं निघणार होती. ‘मंगलवारी राती तिच्या पोटाखाली सरकवू. पिलांना कोंबरीची ऊब पायजे, लायटीची नाय,’ आजी फोनवर म्हणाल्या.

मी नको म्हटलं. कारणं पुस्तकातली होती आणि खोटी नव्हती. मंगळवारी पिल्लं पाच दिवसांची होणार होती. कोंबडीमागे जायचं, तिच्या हाकेला ओ द्यायची, हे पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांत शिकतं. आमची पिल्लं तोवर माणसांच्या आणि खोक्याच्या सवयीची झाली असती. शिवाय अंगाने मोठी पिल्लं बघून कोंबडी टोचू शकते, किंवा अंडी सोडून उठू शकते, म्हणजे शेजारणीचंही नुकसान. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग ‘तुमी शिकलेली मान्सं’ म्हणून त्यांनी फोन सुनेकडे दिला. या वाक्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

उरलं ते फ्लॅटमध्ये वाढवणं. अंगावर पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात, तोवर. सोसायटीच्या सेक्रेटरींना वडिलांनी त्याच दिवशी सांगितलं, कोंबडा आरवायच्या आत पिल्लं गावाला जातील असा शब्द दिला. न सांगता ठेवली असती तर तक्रार आठवड्याभरात आलीच असती. सांगूनही आली, पण सौम्य.

कोंबडीची कामं वाटून घेतली

कोंबडी नुसती ऊब देत नाही. ती दाण्यावर चोच मारून ‘हे खायचं’ दाखवते, ओल्या जागेवरून पिल्लांना हलवते, सावली आणि ऊन बघून बसते, आणि वर घार दिसली की एक वेगळाच आवाज काढते. यातलं एकेक काम कोण करणार ते मी कागदावर लिहिलं. घारीचं लिहिलं नाही. तिसऱ्या मजल्यावर घार कुठली येणार?

उबेसाठी वॉशिंग मशीनचं जुनं खोकं कापून तीन फूट लांब, दोन फूट रुंद पेटी केली. साठ वॉटच्या पिवळ्या बल्बसाठी वडील चार दुकानं फिरले. चौथ्या दुकानात मागच्या फळीवरून धूळ पुसून निघाले, दोन घेतले. एक जळाला तर रात्री तीन वाजता दुकान कुठे शोधणार? बल्ब पेटीच्या एका टोकाला, लोखंडी तारेने आडव्या काठीला बांधून, तळापासून फूटभर उंच. नुसत्या वायरवर टांगायचा नाही, पुठ्ठ्याला टेकू द्यायचा नाही. कुठल्याशा व्हिडिओत बघून नातीला त्याभोवती लाल जिलेटिन कागद गुंडाळायचा होता. तो मी काढून घेतला, आग लागली असती. पेटीचं दुसरं टोक मुद्दाम गार ठेवलं. पिल्लाला नको वाटलं तर दूर जायला जागा हवी. हे दोन टोकांचं गणित साऱ्या मांडणीत सर्वांत महत्त्वाचं.

थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला लावला. पण खरा थर्मामीटर म्हणजे पिल्लं. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय. सगळी लांबच्या भिंतीला, चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, तर उकडतंय. एकाच कोपऱ्यात सरकली तर कुठून तरी वारा येतोय. कुणी खातंय, कुणी झोपलंय, कुणी उगाच पळतंय, तर छान. नातीने यावर स्वतःची युक्ती काढली. वहीत पेटीचा चौकोन काढून, दर तीन तासांनी पिल्लं जिथे बसली असतील तिथे ठिपके द्यायचे. कडेला वेळ आणि तापमान. मी इतकी वर्षं पिल्लांची नोंद ठेवायला लोकांना सांगतो आहे, पण ठिपक्यांची कल्पना मला सुचली नव्हती.

वर्तमानपत्र काढून टाकलं. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय घसरतात आणि कोवळ्या सांध्यांमुळे फाकतात. सरपटणाऱ्या पिल्लाचं तेच झालं होतं. खाली जुना खरखरीत टॉवेल, रोज बदलायचा. वडील खालच्या सुताराकडून भुसा आणायला निघाले होते. त्याला विचारलं तर सगळं काम प्लायचं. प्लायच्या भुशात डिंक आणि रसायनं असतात, पिल्लं तो टोचून खातात. दुसऱ्या आठवड्यापासून भाताचं तूस मिळालं, ते घातलं. फाकलेल्या पायांना कागदी चिकटपट्टीने सैलसर बेडी घातली, दोन पायांत बोटभर अंतर ठेवून. चौथ्या दिवशी काढली तेव्हा पिल्लू धावत होतं. हा उपाय पहिल्या काही दिवसांतच लागू पडतो, नंतर हाड त्याच वळणाचं होतं.

पाण्यासाठी बरणीचं झाकण, त्यात नातीच्या गोट्या. गोट्यांच्या फटीतून चोच जाते, अंग जात नाही. पहिल्या दिवशी कोमट पाण्यात जरासा गूळ, आणि प्रत्येकाची चोच एकदा बुडवून दाखवायची. एकाने प्यायलं की बाकीचे बघून शिकतात. खायला तीन दिवस मक्याचा बारीक भरडा, कणी आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक. पिवळ्या ताटलीवर बोटाने टकटक करायची, म्हणजे कोंबडीची चोच. तिसऱ्या दिवशी वडील पोत्यातून दोन किलो सुटं कोंबडीखाद्य घेऊन आले, ते अंड्यावरच्या कोंबड्यांचं निघालं. त्यात कवचासाठी कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या पुढे असतं, पिल्लाला एक टक्का पुरतो. जास्तीचं कॅल्शियम पिल्लाची मूत्रपिंडं बिघडवतं. ते आजींच्या कोंबड्यांना गेलं, आणि पिल्लांसाठी वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य आलं.

चौथ्या दिवशी दोन पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा वाळून भोक बंद झालं होतं. गारठून गेलेल्या पिल्लांत हे होतंच. कोमट पाण्यात कापूस भिजवून, मऊ करून काढायचं, वर खोबरेल तेल. सुनेने हे मला न विचारता केलं आणि नीट केलं. फक्त एक सांगितलं, की त्याच्या पुढे पोटाकडे काळी खपली दिसते ती बेंबी, तिला हात लावायचा नाही.

नातीला हात साबणाने धुवायची शिस्त लावली. पिल्लू तोंडाजवळ न्यायचं नाही, झाकण स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायचं नाही. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

बुधवारी रात्री दोन तास वीज गेली. याची तयारी आधीच ठरली होती. गरम पाण्याच्या दोन बाटल्या मोज्यात घालून पेटीत, वर चादर, हवेला फट. पिल्लं बाटल्यांना चिकटून झोपली. त्या रात्रीचे ठिपके वहीत दोन गुच्छांत आहेत.

दुसरा मृत्यू

दुसऱ्या शनिवारी पिल्लं नऊ दिवसांची होती. आदल्या संध्याकाळी शेजारून वासाची तक्रार आली होती. सकाळी पेटी बंद गॅलरीत हलवली. काचा लावलेली, पश्चिमेची गॅलरी. रात्रीच्या थंडीचा धसका सगळ्यांच्या मनात इतका, की बल्ब चालू ठेवला. अकरा वाजता सगळे आजींना घेऊन डोळा दाखवायला गेले, तिथून गावठाणात जेवायला. परत आले साडेचारला.

जानेवारीतली नवी मुंबई रात्री १७ आणि दुपारी ३१-३२ असते. काचेमागे ऊन, वर साठ वॉट. थर्मामीटर ४२ दाखवत होता. दोन्ही टोकं सारखीच तापलेली, पळायला गार बाजू उरलीच नाही. एक पिल्लू मेलेलं, दोन चोच वासून धापा टाकत होती.

मी नंतर नातीची वही चाळली. त्या दिवशी निघण्यापूर्वी, सव्वादहाला तिने ठिपके काढले होते. सहाही लांबच्या भिंतीला, एका ओळीत. तापमान ३६. ऊन अजून गॅलरीत आलंही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तीस-एकतीस पुरतात. माहिती कागदावर होती, वाचली कुणी नाही. अकरा वर्षांच्या मुलीने ती वाचायला हवी होती असं मी म्हणणार नाही. मी जो कागद लिहून दिला होता त्यात थंडी वाजली तर काय, वीज गेली तर काय, बल्ब फुटला तर काय, हे सगळं होतं. उकडलं तर काय, याची एकही ओळ नव्हती. दुपारी बल्ब बंद करा, हे मी धरूनच चाललो होतो. पहाटेचं मेलेलं पिल्लू बघून मीही घाबरलो होतो, आणि सगळा कागद त्या भीतीने लिहिला.

लस

राणीखेत हा रोग उत्तराखंडातल्या राणीखेतच्या नावाने आपल्याकडे ओळखला जातो. लस न दिलेल्या गावठी कोंबड्यांत तो शिरला की पडवी रिकामी करून जातो. पिल्लांना पहिल्या आठवड्याच्या शेवटी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालायचा असतो. आमच्या हातून तो आठवडा निसटला होता, म्हणून रविवार ठरवला. शनिवारचं हे झाल्यावर पुढे ढकलला. उष्म्याने थकलेल्या पिल्लाला जिवंत लस देणं मला पटेना. बुधवारी दिली.

अडचण अशी की लसीची कुपी निदान शंभर मात्रांची येते, आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच पिल्लांसाठी पंचाण्णव मात्रा फेकायच्या? सुनेने सासूला फोन केला. दोन दिवसांत गावठाणातल्या नऊ घरांनी होकार कळवला. आधी फ्लॅटमधली पाच पिल्लं, मग बर्फाच्या डब्यात कुपी घेऊन गावठाण. हा क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर गावातला रोग कपड्यांवरून पिल्लांकडे. ६३ कोंबड्या झाल्या. दोन मलूल होत्या, त्या वगळल्या. नवव्या घरापर्यंत पोचेतो माझ्या शर्टाची अवस्था सांगण्यासारखी नव्हती.

आजींना मात्र त्या दिवशी घरातच बसवलं. या लसीतला विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळा लाल होऊन सुजू शकतो, आणि त्यांचा डोळा ऑपरेशन होऊन नऊच दिवस झालेला. त्या खिडकीतून कुणाची कोंबडी कुठे लपली आहे ते ओरडून सांगत होत्या. काळा चष्मा लावून.

निष्पत्ती

तिसऱ्या आठवड्यापासून बल्ब दर चार-पाच दिवसांनी थोडा वर गेला, दुपारी बंद, मग फक्त रात्री, आणि पाचव्या आठवड्यात काढूनच टाकला. चौथ्या आठवड्यात तूस पाण्याच्या झाकणाभोवती ओलं राहायला लागलं. रक्ती हगवणीचे जंतू अशाच ओलीत वाढतात, म्हणून झाकण विटेवर चढवलं आणि ओलं तूस रोज काढलं. तो त्रास झाला नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाच पिल्लं गावठाणात गेली. तीन माद्या, दोन नर. आजींनी आठवडाभर डालग्याखाली ठेवली, मग सोडली.

चौथ्या दिवशी घारीने एक उचललं. आजी समोर होत्या. त्यांनी सांगितलं ते असं : शेजारच्या कोंबडीने घार बघून आवाज काढला, अंगणातली सगळी पिल्लं क्षणात स्कूटरखाली गेली, आणि ही पाच मान वर करून बघत राहिली. त्या आवाजाचा अर्थ त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. माझ्या कागदावर न लिहिलेलं काम हेच. आजींनी उरलेली चार दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या कोंबडीच्या वाढलेल्या पिल्लांबरोबर एका जाळीत ठेवली. टोचाटोची झाली, एकाच्या डोक्यावर जखमही. तीन आठवड्यांत ती आवाज ऐकून पळायला लागली.

चारही टिकली. नर दिवाळीपर्यंत होते, पुढचं मी विचारलं नाही.

पुन्हा अशी वेळ आली तर

मार्चमध्ये आजींच्या डोळ्याची चौकशी करायला गेलो होतो. बोलता बोलता कळलं की परक्या कोंबडीखाली पिल्लं सरकवायचं काम त्यांनी पूर्वी दोनदा केलं होतं. एकदा सगळी धरली, एकदा निम्मी. काळोखात, पिल्लांना अंड्यांच्या जागी ठेवून, पहाटे फटफटायच्या आधी जाऊन बघायचं, टोचत असली तर लगेच काढायची. शिवाय शनिवारी दुपारीच, मुंगसाने कोंबडी मारल्यावर, गल्लीत एक नुसतीच खुडूक बसलेली कोंबडी होती, पोटाखाली अंडं नसलेली. तेव्हा पिल्लं दोन दिवसांची होती.

मंगळवारच्या पर्यायाला मी आजही नकोच म्हणेन. पण शनिवारच्या पर्यायाबद्दल मी विचारलंच नव्हतं. पाच दिवसांची पिल्लं का चालत नाहीत ते मी आजींना समजावून सांगितलं, आणि ‘तुम्ही आधी कधी केलंय का, कसं केलं’ हा प्रश्न माझ्या तोंडून आला नाही. आला असता तरी फोन रविवारचा होता, शनिवार उलटून गेला होता, हे खरं. तरीही रविवारी रात्री त्या खुडूक कोंबडीखाली दोन पिल्लं ठेवून बघता आली असती. चार फ्लॅटमध्ये, दोन तिथे. घारीचा आवाज त्या दोघांना तरी ठाऊक झाला असता, आणि मग उरलेल्यांनी त्यांच्यामागे पळायला शिकायला तीन आठवडे घेतले नसते. हा माझा अंदाज, खात्री नाही.

बाकीचे बदल छोटे आहेत. फोनवर मी आता आधी बल्ब कोणता आहे ते विचारतो, खायला काय घातलं ते नंतर. कागदाच्या दोन बाजू केल्यात, एक थंडीची, एक गरमीची, आणि ‘घराबाहेर जाताना बल्ब बंद की चालू’ ही ओळ दोन्ही बाजूंना आहे. ठिपक्यांची वही सगळ्यांना सांगतो, ती रोज रात्री कुणा मोठ्या माणसाने बघावी हेही सांगतो.

सप्टेंबरमध्ये त्या माद्यांपैकी एक खुडूक झाली. तोवर आजींनी खुराड्याला लोखंडी कडी आणि पुढे बारीक जाळी लावून घेतली होती. नऊ अंडी मांडताना मी तिथे होतो. हातातलं अंडं उन्हाकडे धरून बघत होत्या, नव्या डोळ्याने. मी विचारलं, आजी, गावठाणात आत्ता आणखी कुणाकुणाची खुडूक आहे? त्यांनी अंडं टोपलीत ठेवलं, बोटं मोजली आणि तीन घरं सांगितली.